खटका लहान, जबाबदारी मोठी : उपकरणासाठी योग्य स्विच कसा निवडावा?

प्रतिनिधी

एखादे नवे विद्युत उपकरण तयार करायचे ठरले, की सर्वाधिक विचार होतो तो मोटर, हीटर, सर्किट आणि बाहेरच्या देखण्या आवरणाचा. स्विचची निवड बहुतेक वेळा अगदी अखेरीस होते. आवरणात किती जागा उरली आहे आणि खर्चाच्या तक्त्यात किती रुपये शिल्लक आहेत, यावरून ती उरकली जाते. वास्तविक ग्राहकाचा हात ज्या भागाला रोज लागतो, ज्याच्या आत रोज ठिणगी पडते आणि संकटाच्या क्षणी ज्याच्यावर सारी भिस्त असते, तो भाग हाच होय. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपासून भोसरी, अंबड वा वाळूजच्या औद्योगिक वसाहतींमधील लघुउद्योगांपर्यंत सर्वांनाच ही निवड करावी लागते. आणि तयार वस्तू विकत घेणाऱ्या ग्राहकालाही तिचे परिणाम भोगावे लागतात.

स्विचवर छापलेला अँपिअरचा आकडा पाहिला म्हणजे निवड झाली, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु हा आकडा म्हणजे उत्पादकाने काही विशिष्ट अटींवर दिलेली हमी असते. वीज कोणत्या प्रकारची, भार कोणता, तापमान किती, वापर किती वेळा, या अटी बदलल्या की हमीही संपते. त्यामुळे स्विच निवडणे म्हणजे या अटी एकेक करून तपासणे होय.

आत नेमके काय घडते?

स्विचच्या आत धातूचे दोन संपर्कबिंदू असतात. ते जुळले की प्रवाह वाहतो आणि विलग झाले की थांबतो, असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात बिंदू विलग होत असताना त्यांच्यामधील अरुंद फटीतील हवा तापते, स्वतःच वाहक बनते आणि काही क्षण वीज त्या हवेतूनच वाहत राहते. हीच ती ठिणगी, अर्थात आर्क. तिच्या उष्णतेने दर वेळी संपर्कबिंदूंचा पृष्ठभाग किंचित वितळतो आणि झिजतो. स्विचचे विद्युत आयुष्य प्रामुख्याने या झिजेवर अवलंबून असते.

बिंदू जितके सावकाश विलग होतील, तितकी ठिणगी अधिक काळ टिकते. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये यावर उपाय शोधला. माणसाचा हात कितीही हळू फिरला, तरी आतील बिंदू झटक्यासरशी विलग होतील, अशी त्यांच्या स्विचची रचना होती. आपल्याकडे स्विचला ‘खटका’ म्हणतात, तो आवाज या झटक्याचाच. याच तत्त्वावर चालणारा अगदी लहान आकाराचा मायक्रोस्विच १९३०च्या दशकात अमेरिकेत आला. मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार उघडताच आतील लहरी बंद करण्याचे काम आज असेच छोटे स्विच करतात.

एसी आणि डीसी यांमधील फरक येथे महत्त्वाचा ठरतो. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची असते. म्हणजे तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. प्रत्येक शून्याला ठिणगी विझण्याची संधी मिळते. बॅटरी किंवा सौर पॅनेलमधून येणारा डीसी प्रवाह मात्र शून्यावर येतच नाही. तेथे ठिणगी ताणून तोडावी लागते. हा फरक किती मोठा आहे, हे आकड्यांवरून कळते. २५० व्होल्ट एसीवर १५ अँपिअर प्रवाह तोडू शकणाऱ्या एका प्रचलित जातीच्या मायक्रोस्विचची २५० व्होल्ट डीसीवरील क्षमता जेमतेम पाव अँपिअर असते. घराच्या भिंतीवरील उत्तम प्रतीचा स्विच छतावरील सौर पॅनेलच्या वाहिनीत बसवणे धोक्याचे असते, ते याच कारणाने. विजेवरील दुचाकी, ई-रिक्षा, सौर दिवे यांची रचना करणाऱ्यांनी डीसीची क्षमता स्वतंत्रपणे छापलेली असल्याशिवाय स्विच घेऊच नये.

अपोलो १३ चा धडा

स्विचची अट बदलली आणि स्विच मात्र तोच राहिला, तर काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अवकाशयुगातील आहे. ११ एप्रिल १९७० रोजी चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानातील प्राणवायूच्या दुसऱ्या क्रमांकाच्या टाकीचा १३ एप्रिल रोजी, पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून अधिक अंतरावर, स्फोट झाला. जेम्स लॉव्हेल, फ्रेड हेज आणि जॅक स्विगर्ट हे तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरण्याच्या यानाचा आसरा घेऊन १७ एप्रिल रोजी सुखरूप परतले.

चौकशीत जे निष्पन्न झाले, ते स्विच निवडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. टाकीतील हीटर फार तापू नये म्हणून त्याला थर्मोस्टॅटचे स्विच जोडलेले होते. तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअसवर गेले, की त्यांनी विलग होऊन हीटर बंद करायचा होता. १९६२ च्या मूळ आराखड्यात हे स्विच यानातील २८ व्होल्ट डीसीसाठी ठरवण्यात आले. पुढे १९६५ मध्ये प्रक्षेपण केंद्रावरील ६५ व्होल्ट डीसी वीज हीटरला देण्याचे ठरले आणि तशी सुधारित सूचनाही निघाली. हीटरच्या रचनेत बदल झाला. स्विच मात्र पूर्वीचेच राहिले.

तरीही कित्येक वर्षे काहीच बिघडले नाही. टाकीतील प्राणवायू अतिशीत असल्याने तापमान कधी २७ अंशांजवळ गेलेच नाही, त्यामुळे या स्विचवर भारित अवस्थेत विलग होण्याची वेळच आली नव्हती. मार्च १९७० मध्ये एका चाचणीनंतर टाकी नेहमीच्या पद्धतीने रिकामी होईना, म्हणून हीटर सुमारे आठ तास चालू ठेवण्यात आला. तापमान वाढले, स्विच विलग होऊ लागले आणि ६५ व्होल्टच्या ठिणगीने त्यांचे बिंदू एकमेकांना वितळून चिकटले. हीटर बंद झालाच नाही. तापमापकाचा काटा ठरावीक मर्यादेपलीकडे दाखवतच नसल्याने कुणालाही संशय आला नाही. आतील हीटरच्या नळीचे तापमान सुमारे ५४० अंशांपर्यंत गेले असावे आणि तारांवरील आवरण जळाले असावे, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने काढला. याच उघड्या पडलेल्या तारांनी पुढे उड्डाणात घात केला.

हा स्विच वाईट प्रतीचा नव्हता. त्याला ज्या कामासाठी निवडले होते, ते काम बदलले होते आणि बदललेल्या कामाची चाचणी कुणी घेतली नव्हती. एरवी कधीच न वापरला जाणारा संरक्षक स्विच नेमका अडचणीच्या क्षणी कामाला येतो. म्हणून त्याची चाचणी प्रत्यक्ष भारावरच घेतली पाहिजे.

स्विचवरील आकडे कसे वाचावेत?

उपकरणांत बसणाऱ्या चांगल्या स्विचच्या अंगावर बारीक अक्षरांत एक ओळ कोरलेली असते. भिंतीवरील घरगुती स्विचसाठी आपल्याकडे आयएस ३८५४ हे मानक आहे, तर उपकरणांतील स्विचसाठी आयईसी ६१०५८ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरले जाते. या दुसऱ्या प्रकारातील स्विचवर ‘१०(४)ए २५०व्ही~ टी८५ ५ई४’ यासारखी ओळ आढळते. ती वाचता आली, तर निवडीचे अर्धे काम झाले.

यातील १० हा आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठीचा प्रवाह दाखवतो. कंसातील ४ हा आकडा मोटरसारख्या भारासाठीचा आहे. दुकानदार मोठा आकडा सांगतो आणि मिक्सर बनवणारा तोच धरून चालतो. त्याला लागू असतो तो मात्र कंसातील आकडा. नागमोडी चिन्ह एसीसाठी असते. ‘टी८५’ म्हणजे स्विचच्या आसपासचे तापमान ८५ अंशांपर्यंत गेले तरी चालेल. येथे खोलीच्या तापमानाचा नव्हे, तर उपकरणाच्या बंद आवरणातील तापमानाचा विचार करावयाचा असतो. ‘५ई४’ म्हणजे पाचावर चार शून्ये, अर्थात ५० हजार वेळा वापर. दिवसाला दहा वेळा चालणाऱ्या उपकरणाला हा आकडा सुमारे साडेतेरा वर्षे पुरेल; कार्यशाळेत दिवसाला ५०० वेळा दाबल्या जाणाऱ्या यंत्राला मात्र तो जेमतेम शंभर दिवस पुरेल.

काही वेळा माहितीपत्रकात दहा लाख वेळा वापराचा दावा असतो. तो यांत्रिक आयुष्याचा, म्हणजे वीज न जोडता नुसते बटण दाबण्याचा असू शकतो. पूर्ण भारावरील विद्युत आयुष्य त्याच्या कितीतरी कमी असते. माहितीपत्रकात हे दोन आकडे वेगळे दिलेले आहेत का, हे पाहावे.

भार कोणत्या जातीचा?

२००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सहा अँपिअरचा स्विच त्याला अपुरा आणि १६ अँपिअरचा योग्य, हे गणित कुणालाही करता येते. हीटर हा सरळ स्वभावाचा भार असल्याने ते येथे पुरतेही. इतर भारांच्या बाबतीत पहिल्या क्षणाचा प्रवाह पाहावा लागतो.

जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्याची तार थंड असताना तिचा विरोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे दिवा लावण्याच्या क्षणी नेहमीच्या दहापट प्रवाह वाहू शकतो. मोटर थांबलेल्या अवस्थेतून फिरू लागताना नेहमीच्या पाच ते आठपट प्रवाह घेते. ७५० वॅटचा मिक्सर चालताना साधारण सव्वातीन अँपिअर घेत असला, तरी भांड्यात ओले वाटण घट्ट बसले असताना त्याची सुरुवात स्विचला चांगलीच जड जाते. शिवाय मोटर किंवा कॉइल बंद करताना त्यातील चुंबकीय ऊर्जा स्विचच्या बिंदूंवर मोठा दाब निर्माण करते आणि ठिणगी लांबते.

एलईडी दिवे, टीव्ही आणि संगणक यांच्या वीजपुरवठ्यात कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना स्विच जुळला, की सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी काळासाठी का होईना, प्रवाह अनेक पटींनी उसळतो. एकेक दिवा १० वॅटचाच आहे म्हणून एकाच स्विचवर २०-२५ एलईडी दिवे जोडले जातात आणि काही महिन्यांत स्विच ‘चालू’ अवस्थेतच चिकटतो, त्याचे कारण हे असते. अशा भारासाठी कपॅसिटरची क्षमता वेगळी छापलेला स्विच घ्यावा किंवा सुरुवातीचा प्रवाह मर्यादित करणारा थर्मिस्टर सर्किटमध्ये घालावा.

भार मोठा असेल, तर बोटाने दाबायच्या स्विचमधून सारा प्रवाह नेण्याचा अट्टहास करू नये. लहान स्विचने रिले किंवा कॉन्टॅक्टर चालवावा आणि मोठा प्रवाह त्याने तोडावा. डीसी कॉइलला उलट दिशेने डायोड जोडला किंवा एसी भाराला रोध आणि कपॅसिटर यांची जोडी लावली, तर ठिणगी कमी होऊन स्विचचे आयुष्य वाढते. हा खर्च अगदी अल्प असतो.

अतिअल्प प्रवाहाचीही अडचण

मोठा प्रवाह हाच काय तो स्विचचा शत्रू, असे मात्र नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरणांत बटणातून जाणारा प्रवाह मिलिअँपिअरच्याही खाली असतो. नेहमीच्या स्विचमधील चांदीच्या बिंदूंवर हवेतील गंधकामुळे काळसर थर जमतो. घरातील चांदीची भांडी काळी पडतात तसाच. मोठ्या प्रवाहाच्या ठिणगीने हा थर दर वेळी जळून जातो. अल्प प्रवाहात तो तसाच साचतो आणि एके दिवशी बटण दाबूनही काही घडत नाही. म्हणून संदेश देणाऱ्या सर्किटसाठी सोन्याचा मुलामा असलेले बिंदू वापरतात. उलटपक्षी, असा सोनेरी स्विच मोठ्या भारावर लावला तर मुलामा काही दिवसांतच उडून जातो. ‘अधिक अँपिअरचा स्विच घेतला म्हणजे निर्धास्त’ हा नियम येथे पूर्णपणे चुकतो. माहितीपत्रकात कमाल प्रवाहाबरोबर किमान प्रवाहही दिलेला असतो, तो वाचावा.

दुसरी अडचण बिंदू उसळण्याची. ते जुळताना चेंडूसारखे काही मिलिसेकंद उसळतात. दिव्याला त्याचे सोयरसुतक नसते. मायक्रोकंट्रोलर मात्र एकदा दाबलेले बटण चार वेळा दाबले, असे मोजतो. प्रोग्राममध्ये १० ते २० मिलिसेकंद थांबून पुन्हा तपासण्याची सोय केली, की बहुतेक वेळा हा प्रश्न सुटतो.

‘बंद’ म्हणजे नक्की काय?

एका तारेला तोडणारा स्विच एकध्रुवी, तर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी तोडणारा तो द्विध्रुवी. एकध्रुवी स्विच फेजच्या तारेतच असला पाहिजे. तो न्यूट्रलमध्ये बसवला, तर उपकरण थांबते, पण त्याच्या आत पूर्ण २३० व्होल्ट दाब कायम राहतो. ‘बंद’ समजून दिव्याचा होल्डर पुसणाऱ्याला शॉक बसतो, तो अशाच चुकीने.

उपकरणाची रचना करणाऱ्याला मात्र ग्राहकाच्या घरातील वायरिंगची शाश्वती नसते. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसू शकतो आणि जुन्या इमारतींत सॉकेटच्या तारा आलटून-पालटून जोडलेल्या आढळतात. पाण्याशी संबंध येणाऱ्या किंवा धातूचे आवरण असलेल्या उपकरणांत द्विध्रुवी स्विच वापरणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी पडणारे चार पैसे वाचवू नयेत.

विलग बिंदूंमधील अंतरही पाहावे. पूर्ण विलगीकरणासाठी सर्वसाधारणपणे किमान तीन मिलिमीटर अंतर अपेक्षित असते. त्याहून कमी अंतराच्या स्विचवर ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर छापलेले असते. असा स्विच उपकरण थांबवतो, परंतु दुरुस्तीसाठी झाकण उघडताना त्याच्यावर विसंबता येत नाही. टीव्ही, वातानुकूलन यंत्र वा वॉशिंग मशीनमधील नाजूक स्पर्शाचे बटण तर केवळ आतील सर्किटला निरोप देते. वीज आत येऊन थांबलेलीच असते. आपल्या उत्पादनातील ‘बंद’चा अर्थ कोणता, हे ठरवून वापर-पुस्तिकेत स्पष्ट लिहावे.

वीज परत आली तर?

वीज जाऊन पुन्हा आली, तर उपकरण आपोआप सुरू व्हावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे आवर्जून विचारला पाहिजे. फ्रिज आपोआप सुरू झालाच पाहिजे. लाकूड कापायची करवत, पिठाची गिरणी किंवा इस्त्री आपोआप सुरू झाली, तर अपघात घडतो. एका जागी स्थिर राहणारा रॉकर स्विच वीज गेल्यावरही ‘चालू’च राहतो. त्याऐवजी वीज जाताच स्वतःहून सुटणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय न जुळणारा, कॉइल असलेला स्विच यंत्रांसाठी योग्य ठरतो. मोटर स्टार्टरवरील हिरवे आणि लाल बटण याच तत्त्वावर चालते.

शेतीपंपांच्या बाबतीत या तत्त्वाला फाटा देऊन ‘ऑटो स्विच’ बसवले जातात, कारण वीज अपरात्री येते आणि शेतकऱ्याला अंधारात विहिरीपर्यंत जावे लागते. त्याची अडचण खरी आहे. मात्र वीज येताच एकाच रोहित्रावरील सारे पंप एकदम सुरू होतात आणि रोहित्र जळण्याचा धोका वाढतो. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच न वापरण्याचे आवाहन वारंवार करत आली आहे. पंप वेगवेगळ्या वेळी सुरू करणारा विलंबक स्विचमध्ये असेल, तर हा भार काही प्रमाणात विभागता येतो. वापरणाऱ्याची गरज आणि यंत्रणेची सुरक्षा या दोन्हींचा विचार डिझायनरनेच करावयाचा असतो.

हाताला काय जाणवते?

बटण किती जोराने दाबावे लागते, ते दाबले गेल्याचे बोटाला कळते का, किल्ली किती घट्ट फिरते, या गोष्टी सौंदर्याच्या सदरात मोडतात असे वाटते. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रकरणाने हा समज खोटा ठरवला. या कंपनीने २०१४ मध्ये शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आदी सुमारे २६ लाख मोटारी परत बोलावल्या. दोष होता इंजिन सुरू करण्याच्या स्विचमध्ये. किल्लीला ‘चालू’ स्थितीत धरून ठेवणारा आतील खटका अपेक्षेपेक्षा ढिला होता. आराखड्यानुसार त्याला फिरवण्यासाठी किमान १५ न्यूटन-सेंटीमीटर बल लागायला हवे होते. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी पुरत होते. किल्ल्यांचा जुडगा जड असला, गुडघा लागला किंवा गाडीला धक्का बसला, तरी किल्ली मागे फिरत असे. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि अपघात झाल्यास एअरबॅग उघडत नसे, कारण तिचाही वीजपुरवठा त्याच स्विचने खंडित झालेला असे.

कंपनीने स्थापन केलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचा या दोषाशी संबंध मान्य केला. २०१५ मध्ये सरकारी खटला मिटवण्यासाठी कंपनीने ९० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. हा सुटा भाग एक डॉलरहूनही कमी किमतीत सुधारता आला असता, ही बाब अमेरिकी संसदेतील सुनावणीत पुढे आली. याहून उद्बोधक बाब वेगळीच आहे. हा स्विच मध्यंतरी गुपचूप सुधारण्यात आला होता, परंतु त्याचा क्रमांक बदलला नव्हता. परिणामी जुन्या आणि नव्या गाड्यांतील फरक तपास करणाऱ्यांच्याच लक्षात लवकर आला नाही. स्विचमध्ये कोणताही बदल केला, तर त्याचा क्रमांक आणि नोंद बदललीच पाहिजे, हा नियम लघुउद्योगांनीही काटेकोर पाळावा.

आणीबाणीच्या वेळी यंत्र थांबवण्याच्या स्विचसाठी आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेले आहेत. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल, छत्रीच्या आकाराचे बटण असावे. ते दाबल्यावर दाबलेलेच राहावे आणि ते सोडवल्याने यंत्र पुन्हा सुरू होता कामा नये. आतील बिंदू चिकटले असले, तरी हाताच्या जोरानेच ते विलग होतील, अशी रचना असावी. येथे केवळ स्प्रिंगवर भिस्त ठेवता येत नाही.

निर्यातीचा विचार असेल, तर सवयींकडेही पाहावे लागते. भारतात आणि ब्रिटनमध्ये भिंतीवरील स्विच खाली दाबला की चालू होतो. अमेरिकेत तो वर केल्यावर. म्हणून उपकरणावर उभी रेघ आणि वर्तुळ ही जगभर मान्य असलेली ‘चालू’ आणि ‘बंद’ची चिन्हे छापलेली बरी. वृद्धांसाठीच्या किंवा रुग्णांच्या उपकरणांत बटण मोठे, ठळक रंगाचे आणि दाबताच स्पष्ट जाणीव देणारे असावे.

पाणी, पीठ आणि उष्णता

कोकणातील पावसाळा, पिठाच्या गिरणीतील भुकटी आणि स्वयंपाकघरातील तेलकट वाफ यांचा स्विचवर होणारा परिणाम प्रयोगशाळेत दिसत नाही. यासाठी आयपी हा दोन आकड्यांचा संकेत वापरतात. पहिला आकडा धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. आयपी २० म्हणजे बोट आत जाणार नाही, पण पाण्यापासून कसलेही संरक्षण नाही. आयपी ६५ म्हणजे धूळ आत शिरणार नाही आणि पाण्याचा फवारा चालेल. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिले तरी पाणी आत जाणार नाही. अनेकदा हा दर्जा स्विचच्या फक्त पुढील बाजूला असतो. मागील जोडण्यांचे संरक्षण उपकरणाच्या आवरणानेच करावे लागते.

स्विच जळाल्याच्या तक्रारींत प्रत्यक्षात स्विचऐवजी त्याची जोडणी जळालेली असू शकते. ढिला स्क्रू किंवा नीट न दाबलेली क्लिप थोडा विरोध निर्माण करते. १० अँपिअर प्रवाह असताना केवळ दहाव्या भागाच्या ओहमचा विरोध १० वॅट उष्णता निर्माण करतो. बंद प्लास्टिकच्या आवरणात ती आवरण वितळवायला पुरेशी असते. तारेची जाडी, क्लिपचा आकार आणि ती दाबण्याचे योग्य हत्यार हा स्विचच्या निवडीचाच भाग समजावा.

चिन्ह आणि चाचणी

घरगुती वापराच्या स्विचवर आपल्या देशात आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. निर्यातीच्या मालासाठी युरोप-अमेरिकेतील मान्यताचिन्हे लागतात. चिन्हाबरोबर परवाना क्रमांक असतो; तो भारतीय मानक ब्युरोच्या नोंदींशी पडताळून पाहता येतो. नमुना एका उत्पादकाचा आणि पुढचा माल भलत्याचाच, हा प्रकार टाळण्यासाठी खरेदीच्या कागदपत्रांत उत्पादकाचे नाव आणि स्विचचा पूर्ण क्रमांक लिहावा; ‘दहा अँपिअरचा रॉकर किंवा तत्सम’ असे मोघम शब्द टाळावेत.

अखेरची कसोटी आपल्याच उपकरणात घ्यावयाची असते. प्रत्यक्ष मोटर, प्रत्यक्ष आवरण, सर्वाधिक तापमान आणि वीजदाबाची कमाल पातळी या परिस्थितीत स्विच ठरलेल्या आयुष्याइतका चालवून पाहावा. तो निकामी झालाच, तर ‘बंद’ अवस्थेत होतो की ‘चालू’ अवस्थेत चिकटतो, याचीही नोंद ठेवावी. हीटर असलेल्या उपकरणात स्विच चिकटण्याची शक्यता गृहीत धरून वेगळा थर्मल फ्यूज बसवणे आवश्यक ठरते.

निवडीपूर्वी विचारावयाचे दहा प्रश्न

१. वीज एसी की डीसी आणि कमाल दाब किती?
२. भार हीटर, मोटर, दिवा की कपॅसिटर. पहिल्या क्षणाचा प्रवाह किती?
३. प्रवाह फारच अल्प असेल, तर बिंदू सोन्याच्या मुलाम्याचे आहेत का?
४. एक तार तोडायची की दोन्ही?
५. ‘बंद’ केल्यावर आत वीज राहते का?
६. वीज परत आल्यावर उपकरण आपोआप सुरू व्हावे का?
७. दिवसाला किती वेळा आणि किती वर्षे वापर होणार?
८. आवरणातील तापमान, धूळ आणि ओलावा किती?
९. वापरणारा हात कोणाचा. ओला, हातमोज्यातला, थरथरता की लहान मुलाचा?
१०. स्विच ‘चालू’ अवस्थेत चिकटला, तर पुढचे संरक्षण कोणते?

या प्रश्नांची उत्तरे आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहिली, तर योग्य स्विच शोधायला फार वेळ लागत नाही. मात्र पुढे मोटर, बॅटरी किंवा आवरण यांत बदल झाला, की हीच यादी पुन्हा पहिल्या प्रश्नापासून तपासावी.